वादळ समुद्रात, वांधा बाजारात : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी संपता संपता अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि किनाऱ्यावर तीन नंबरचा बावटा लागला, त्याला आता आठवडा होऊन गेला, आणि या वेळच्या टपालात आणि व्हॉट्सअॅपवर निम्मे प्रश्न त्यावरच आलेत. खान्देशाला समुद्र नाही हो, आपल्याकडे तापी आणि गिरणा, पण रविवारच्या बाजारात बांगडा दिसला नाही की सगळ्यात आधी आपलेच लोक विचारतात काय झालं म्हणून. नावं टाकत नाही, गावं तेवढी ठेवतो. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत.

जळगावहून एक वाचक : भाऊ, टीव्हीवर दाखवतात बोटी सगळ्या बंदरात उभ्या, समुद्र खवळलाय, आणि इकडे आमच्या बाजारात गेल्या रविवारी सुरमई आणि बांगडा ढिगानं होता. विकणारा म्हणे कालच्या गाडीचा माल आहे. मग हा मासा आला कुठून? फसवतात का?

फसवत असेलच असं नाही. गाडी कालचीच असेल, पण गाडी कालची म्हणून मासा कालचा असं काही नसतं. मुंबईच्या ससून डॉकला नाहीतर भाऊच्या धक्क्याला जो मोठा ट्रॉलर लागतो तो सकाळी जाऊन संध्याकाळी आलेला नसतो, तो आठ-आठ दहा-दहा दिवस बाहेर राहून येतो, पहिल्या दिवशी पकडलेला मासा बर्फात खाली आणि शेवटच्या दिवसाचा वर. आता हवामान खात्याची वॉर्निंग आली की काय होतं, ज्या बोटी अर्ध्या फेरीत असतात त्या सगळ्या एकदम मागे फिरतात, पोटात जेवढं असेल तेवढं घेऊन, आणि एक-दोन दिवसांत सगळ्या बंदराला लागतात, काही तर आपल्या बंदराला पोचतच नाहीत, जयगड किंवा देवगडसारख्या आडोशाच्या बंदरात घुसतात, तिथे गुजरातच्या बोटीही आसऱ्याला आलेल्या असतात. म्हणजे वादळाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत लिलावाला माल उलट जास्त पडू शकतो. तुम्ही पाहिलेला ढीग तो असणार.

खरी टंचाई मागून येते. बातम्या थांबल्या, ऊन पडलं, टीव्हीवाले दुसऱ्या विषयाकडे वळले, की मग बोटी निघतात, आणि निघालेली बोट भरून यायला पुन्हा आठवडा, आणि तिथून बर्फ मारून थर्माकोलच्या बॉक्समधून जळगाव-भुसावळ गाठायला अजून एक दिवस धरा. तेव्हा हा रविवार नाही, पुढचा रविवार बघा, त्या दिवशी पापलेटचा भाव विचारायची हिंमत होणार नाही.

मधल्या काळात बाजार चालतो तो कोल्ड स्टोरेजच्या मालावर, आणि बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या मालावर. वादळ अरबी समुद्रात असेल तर आपल्याकडचं वेरावळ, पोरबंदर, मुंबई, रत्नागिरी सगळं एकदम थंड पडतं पण आंध्र चालू असू शकतं. बंदीचंही तसंच आहे, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून, म्हणून भर पावसाळ्यात जूनच्या शेवटी आपल्याकडे समुद्री मासा दिसला तर चोरीचाच असेल असं समजू नका, तिकडची बंदी उठलेली असते.

फ्रोजन खायला काही हरकत नाही, फक्त तो ताज्याच्या भावानं घेऊ नका. बर्फातून काढून वितळवलेला मासा ओळखायचा तर बोटानं दाबा, ताज्याचं मांस लगेच वर येतं, याचा खड्डा तसाच राहतो. डोळा आत गेलेला आणि पांढुरका, कल्ले विटकरी-तपकिरी, आणि पाटीखाली पाणी गळतंच राहतं. आणि तुकडे करून मांडलेली सुरमई असली की यातलं अर्धं तपासताच येत नाही, म्हणून अशा आठवड्यात अख्खा मासा मागा आणि समोर कापून घ्या. घासाघीस करायची ती नंतर करा.

धुळ्याहून, इंजिनिअरिंगला शिकणारा एक मुलगा : तीन नंबरचा बावटा म्हणजे नक्की काय? आणि ताशी ४५-५५ किलोमीटर वारा म्हणजे काय एवढं, आमची बाईक याच्यापेक्षा जास्त पळते. तेवढ्यावर बोटी बंद?

बाईक रस्त्यावर पळते रे दादा, रस्ता खालून चार मीटर वर-खाली होत नाही.

बावट्याचं असं आहे. आपल्या देशातल्या बंदरांवर १ ते ११ अशा खुणा लावतात, दिवसा खांबावर सुळक्याच्या आणि नळकांड्याच्या आकाराची चिन्हं चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे. १ आणि २ म्हणजे लांब समुद्रात काहीतरी शिजतंय, बंदराला सध्या थेट काही नाही. ३ आणि ४ आले की बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा त्रास आहे असं धरायचं. ५ ते ७ धोका, ८ ते १० मोठा धोका, आणि ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. आपल्या पेपरात तीन नंबर जास्त वेळा दिसतो कारण तो प्रत्यक्ष वादळ न येताही लागतो.

आता वारा. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये मच्छीमारांसाठी ठरलेलं वाक्य असतं, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचे वारे, झोत ६५ पर्यंत, समुद्रात जाऊ नये. चक्रीवादळ म्हणतात ते ६२ च्या पुढे सुरू होतं, म्हणजे झोताच्या क्षणी बोटीवरच्या माणसाला चक्रीवादळाइतकाच वारा लागतो. आणि माणसाला मारते ती लाट. अंदाजात लाट तीन मीटर लिहिलेली असते ना, ती सगळ्यात मोठी लाट नव्हे, सगळ्या लाटांतल्या वरच्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, अधूनमधून तिच्या जवळजवळ दुप्पट एखादी येऊन जाते. दोन-तीन सिलिंडरच्या छोट्या होडीवर जाळं ओढताना दोन्ही हात अडकलेले असतात आणि बाजूनं सहा मीटरची भिंत येते, विचार कर.

तरी लोक जातात, हे पण खरं. कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं वॉर्निंग आली तर परत यायला काय जातं, पण निम्म्या फेरीतून परत येणं म्हणजे डिझेल गेलं, बर्फ गेला, खलाशांना खर्चीचे दिलेले पैसे गेले आणि हातात दोन पाट्या ढोमा, म्हणजे स्वस्तातला मासा. त्यामुळे तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, अजून एक रात्र काढू बघतो. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच संपते, पुढे वायरलेस. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी १ लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायची योजना सुरू केली, त्यात उपग्रहावरून बोटीला मेसेज जातो आणि बोटीवरून अडचणीचा मेसेज येतो. यंत्र चांगलंच आहे, पण तांडेलच्या डोक्यात डिझेलच्या बिलाचा हिशोब चालू असतो त्याचं उत्तर यंत्रात नाही. माझं मत विचारशील तर वॉर्निंगमुळे परत आलेल्या बोटीला डिझेलची काहीतरी भरपाई मिळाली तर अर्ध्या दुर्घटना टळतील.

अमळनेरहून एक ताई : माझ्या सासूबाई वसईकडच्या. त्या म्हणतात वादळ येऊन गेलं की मासा भरपूर मिळतो, समुद्र ढवळून वर येतो. खरं का?

ताई, सासूबाईंचं खरं आहे, पण कोणता मासा आणि कोणत्या जाळ्यात यावर सगळं आहे.

त्यांच्याकडे वसई-अर्नाळ्याला डोल जाळं जास्त, म्हणजे समुद्रात खुंट किंवा नांगर टाकून पिशवीसारखं जाळं प्रवाहात उभं करायचं आणि भरती-ओहोटीचं पाणी जे आणेल ते त्यात. बोंबील, मांदेली, जवळा, करंदी हे त्या जाळ्याचे मासे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी जोरात धावतं आणि डोल भरते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो तेव्हा पाणी मंद आणि जाळंही रिकामं. वादळात तळाचा गाळ उठतो, पाणी गढूळ होतं, कोलंबी आणि बारीक जीव तळातून सुटून प्रवाहात येतात, म्हणून समुद्र जरा निवळल्यावर पहिल्या दोन-चार ओढींत कोलंबी, करंदी चांगली मिळते. सासूबाईंनी बघितलं असेल ते हेच.

पण पापलेटवाल्याला विचारा, तो वेगळंच सांगेल. सातपाटीचं पापलेट गिलनेटनं पकडतात, लांबच लांब जाळं पाण्यात पडद्यासारखं सोडायचं आणि मासा त्यात कल्ल्यानं अडकतो. खवळलेल्या समुद्रात हे जाळं गुंता होऊन येतं, फाटतं, कधी सगळंच वाहून जातं. आणि मोठ्या पावसानंतर नद्यांमधून जो कचरा समुद्रात जातो तो तर सगळ्यांच्याच जाळ्यात, प्लास्टिकच्या पिशव्या निवडत बसायचं आणि त्यातून जेलीफिश काढायचे, हाताची आग होते ती वेगळी. आपल्याकडे पापलेट महाग झालं की लोक म्हणतात व्यापाऱ्यानं चढवलं, व्यापारी काही संत नाही, पण फाटलेल्या जाळ्याचे पैसे पण त्या भावात असतात. (रुपेरी पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर झालाय, माहीत असेल. तळहाताएवढी पिल्लं विकायला येतात ती घेऊ नका प्लीज, राज्यमासा खाऊन संपवायचा नाहीये.)

अजून एक गोष्ट आहे, मोठं चक्रीवादळ गेलं की खालचं थंड पाणी वर येतं, त्यात खतासारखी द्रव्यं असतात, आणि त्या पट्ट्यात समुद्राचं हिरवं शेवाळ वाढतं, उपग्रहाच्या फोटोत ते दिसतं सुद्धा. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था याच पाण्याच्या तापमानावरून आणि हिरवेपणावरून मच्छीमारांना सांगते की अमुक दिशेला इतक्या अंतरावर मासा असायची शक्यता आहे. पण ढग असले की उपग्रहाला खालचं दिसत नाही, म्हणजे नेमकं वादळात हे काम अडतं. आणि शेवाळ वाढलं म्हणून दुसऱ्या दिवशी सुरमई येत नाही, आधी ते खाणारे बारीक जीव वाढायला लागतात, मग त्यांच्यामागे तारली-बांगडा, मग त्यांच्यामागे मोठा मासा. वारा पडल्यावरही लाट एक-दोन दिवस जुन्या जोरावर येतच राहते, त्यामुळे "आता तर ऊन पडलंय" म्हणून लगेच कोणी निघत नाही. २०१९ ला ऑक्टोबरच्या शेवटी क्यार नावाचं चक्रीवादळ आलं, ते अरबी समुद्रातलं सुपर सायक्लोन झालं, किनाऱ्याला धडकलं नाही पण समुद्र बिघडवून गेलं, आणि ते जातंय तोवर त्याच्या पाठीमागे महा नावाचं दुसरं. अशा वेळी ढवळलेल्या समुद्राचा फायदा घ्यायला बोट बाहेर तरी पडली पाहिजे ना.

रावेरहून एक केळी उत्पादक : वादळ समुद्रात, मग केळी आमची का झोपते?

नाना, थोडक्यात सांगतो कारण हा शेतीच्या सदराचा विषय आहे. मे-जूनमध्ये रावेर-यावलला केळी आडवी करणारं वादळ बहुतेक वेळा इथलंच असतं, दुपारच्या उन्हानं तापून उभा राहिलेला ढग आणि त्याच्या खाली फुटलेला वारा, अर्ध्या तासात खेळ खलास, शेजारच्या गावाला पत्ताही नाही. समुद्रातल्या वादळाचं वेगळं, ते आपल्यापर्यंत आलं तरी दमून आलेलं असतं, वारा कमी आणि पाऊस जास्त. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ जमिनीवर चढलं, तिकडे घरांची छपरं उडाली, माडा-पोफळीच्या बागा गेल्या, आणि पुढे तीच सिस्टिम जोर ओसरत, पाऊस देत मध्य प्रदेशाकडे सरकली. ऑक्टोबरअखेरच्या वादळाचा आपल्याला फटका बसतो तो वेचणीला आलेल्या कापसाला आणि खळ्यावरच्या मक्याला, २०१९ चा ओला दुष्काळ कोणी विसरलं नसेल.

शहाद्याच्या आठवडे बाजारातून एक मावशी (नातीनं टाईप करून पाठवलंय) : बोंबील आणि सुकट एवढी महाग का झाली? आणि या वेळचे बोंबील ओलसर लागतात, कुबट वास येतो. भाजला तरी जात नाही.

मावशी, ओलसर आणि कुबट असेल तर घेऊ नका, भाजून वास जाणार नाही कारण तो वास वरचा नाही, आत मांस आंबलंय.

ओल्या बोंबलात पाणीच जास्त, हातात धरला तर लुळा पडतो. तो सुकवायला वर्सोवा, वसई, अर्नाळा, सातपाटी या बाजूला बांबूची मांडणी उभारतात, वलांडी म्हणतात तिला, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगतात आणि तीन-चार दिवस कडक ऊन आणि वारा मिळाला की कडकडीत. पाऊस संपून ऊन पडलं की हे काम चालू होतं, म्हणजे नेमकं दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि नेमकं तेव्हाच असलं वादळ आलं की वलांडीवरचा अर्धवट सुकलेला माल भिजतो. भिजलेला बोंबील दुसऱ्यांदा सुकवला तर दिसायला सुकतो पण पिवळट पडतो आणि वास धरतो. चांगले लोक तो खतात नाहीतर फिशमीलला देऊन टाकतात, सगळेच देत नाहीत. तो दोन पैसे कमी करून लांबच्या बाजारात पाठवतात, आणि लांबचा बाजार म्हणजे कोण, आपणच की. शहादा, तळोदा, शिरपूर, चोपडा. किनाऱ्यावरच्या बाईला असला बोंबील कोणी दाखवणार पण नाही, ती तोंडावर फेकेल. मला याचा राग येतो, खरं सांगतो, कारण आपल्याकडे बोंबील-सुकट हा गरिबाच्या भाकरीबरोबरचा मासा आहे, कळण्याची भाकर, ठेच्यात परतलेली सुकट, रानात न्यायला सोपं, फ्रीज लागत नाही.

बोंबील घेताना मोडून बघा, कट्‌ करून तुटला पाहिजे, वाकला तर सोडून द्या. रंग पांढरट-सोनेरी. खारवलेल्या माशावर गुलाबी डाग दिसले तर हातच लावू नका, ते मिठात वाढणारे जंतू असतात. सुकट मुठीत दाबून सोडा, गोळा झाला तर पाणी आहे, आणि दमट सुकटीचं वजन पाण्याचं, तुम्ही पाण्याचे पैसे देताय. तळाला वाळू किती ते बघा, सुकट म्हणजे सुकवलेला जवळाच, जमिनीवर पसरून सुकवलेल्या जवळ्यात वाळू असते, जाळी किंवा कापडावर सुकवलेल्यात कमी.

महाग का, तर नवा माल भिजला आणि जुना संपत आला. साठवणीचा माल घ्यायचा योग्य काळ एप्रिल ते मेचा पहिला पंधरवडा, बंदी लागायच्या आधी. पण त्यातही भरवसा राहिलेला नाही, २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ १७ मे रोजी गुजरातच्या किनाऱ्याला लागलं, त्याआधी काही दिवस आपला किनारा बंद, आणि १ जूनला बंदी, म्हणजे बेगमीचा आणि सुकवायचा शेवटचा पंधरवडा हातातून गेला. तुम्ही आता थोडाच घ्या, दोन आठवड्यांचा, आणि थंडीत डिसेंबर-जानेवारीत चांगला कडक माल येईल तेव्हा वर्षाचा भरा. आणला की एक दिवस पत्र्यावर कडक ऊन द्या, गार होऊ द्या, मगच डब्यात, गरम भरला तर डब्यात घाम सुटतो. नातीला सांगा टायपिंग मस्त आहे.

भुसावळहून : बांगडा खाल्ला आणि अर्ध्या तासात मिस्टरांचं तोंड लाल, अंगाला खाज, डोकं दुखायला लागलं. याआधी शंभर वेळा खाल्लाय, कधी काही नाही. अॅलर्जी झाली का?

वहिनी, आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, कारण अॅलर्जी की दुसरं काही हे घरी बसून ठरवता येत नाही, आणि श्वास लागला, छातीत घरघर झाली तर वाट न बघता दवाखाना. पण तुम्ही जे लिहिलंय ते बांगड्याच्या बाबतीत ओळखीचं आहे. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) या जातीच्या माशांचं मांस उबेत राहिलं की त्यात जंतूंमुळे हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं, माशाला वास यायच्याही आधी होऊ शकतं, आणि एकदा तयार झालं की तळा, उकळा, काळ्या मसाल्याच्या रश्शात तासभर शिजवा, ते जात नाही.

वादळाच्या दिवसांत हे जास्त होऊ शकतं कारण माल आधीच बोटीवर, मग आसऱ्याच्या बंदरात अडकलेला, मग रस्ता, मग स्टेशन, प्रत्येक ठिकाणी बर्फ थोडा थोडा वितळतो आणि कोणीतरी नवा टाकायचा कंटाळा करतो. आपल्याकडचं ऊन तर सांगायलाच नको, नोव्हेंबरातही दुपारी भुसावळला पाटी उघडी ठेवली तर संपलं. म्हणून बांगडा सकाळी घ्या, बर्फ टिच्चून भरलेल्या पाटीतला घ्या, पिशवीत वरून थोडा बर्फ मागून घ्या, लाजायचं काय त्यात, आणि घरी आल्या आल्या साफ करून फ्रीजमध्ये. संध्याकाळी भाव पडतो म्हणून बांगडा घेऊ नका, संध्याकाळी घ्यायचंच असेल तर रोहू घ्या, त्याला हा त्रास नाही.

नवापूरहून, उकाईच्या फुगवट्यात मासेमारी करणारा एक तरुण : ते समुद्राचं बुलेटिन आम्हाला लागू होतं का? आमच्याकडे पण वारा सुटला की लाट उठते, मागे दोन नावा उलटल्या.

समुद्राचं बुलेटिन तुम्हाला लागू नाही आणि तीच पंचाईत आहे, समुद्रावरच्या माणसाला रोज दोन-चारदा कोणीतरी सांगतं जाऊ नको म्हणून, जलाशयावरच्या माणसाला कोणी सांगत नाही. उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं आणि तापीचं पाणी मागे नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पसरलं, तेवढ्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला धावायला भरपूर जागा मिळते, म्हणून लाट आखूड पण टोकदार उठते, लहान नावेला ती वाईट, एकीतून सावरतेय तोवर दुसरी. धडगाव-अक्कलकुव्याकडे नर्मदेच्या पाण्यावरही तेच.

तुम्ही दोन गोष्टी फोनवर ठेवा. हवामान खातं जिल्ह्याजिल्ह्यासाठी पुढच्या तीन तासांचा इशारा देतं, गडगडाट, वीज, वारा, तो बघायचा. आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप, आजूबाजूला वीज पडतेय का ते दाखवतं, उघड्या पाण्यावर नावेत उभा असलेला माणूस आसपासची सगळ्यात उंच वस्तू असतो हे विसरू नका. नंदुरबारकडून काळं दिसलं की जाळं सोडून काठ गाठा, जाळं उद्या मिळेल. वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीच्या पात्रात पाणी चढतं, ४१ दरवाजे आहेत त्याला, किती उघडले हे पेपरात येतं ते नदीकाठी जाळं लावणाऱ्यांनी रोज बघावं. लाईफ जॅकेट घातलं की हात अडकतात असं म्हणतात, मान्य, मग निदान हवा भरलेलं ट्यूब तरी नावेत बांधून ठेवा. आणि वादळात समुद्राचा माल तुटला की तुमच्या रोहू-कटल्याला, मरळीला भाव येतो, तेव्हा सोसायटीतून एकत्र विका, काठावर येणाऱ्या पहिल्याच टेम्पोला देऊ नका.

पारोळ्याजवळून हायवेवरचा एक ढाबेवाला : बोर्डावर सुरमई थाळीचा रेट रंगवून ठेवलाय. आता सुरमई त्या रेटला परवडत नाही. एक जण म्हणतो बासा फ्राय करून दे, गिऱ्हाईकाला काही कळत नाही.

आप्पा, बासा म्हणजे फ्रोजन पंगस, गोड्या पाण्यातला, पांढरा, काटा नसलेला. मसाला लावून तळला तर बऱ्याच लोकांना कळत नाही हे खरं, पण मुंबई-सुरतचा ट्रकवाला बसला समोर तर पहिल्या घासाला कळेल, आणि सुरमई सांगून दुसरा मासा देणं ही फसवणूक आहे, तक्रार झाली तर अन्न प्रशासनवाले येतील ते वेगळं. बासा विकायचाच तर बासा म्हणून विका, स्वस्त आहे, खपेल.

त्यापेक्षा बोर्डावरची सुरमई पुसून तिथे "आजची मासा थाळी" लिहा आणि रेट खडूनं. समुद्र बंद असेल त्या दिवशी तापीचा नाहीतर गिरणा धरणाचा रोहू, कटला, जमलं तर मरळ, आणि रस्सा आपला खान्देशी काळ्या मसाल्याचा, तिखट. त्या रश्शासाठी थांबणारं गिऱ्हाईक सुरमईसाठी थांबणाऱ्यापेक्षा कमी नाही. सुरमईचा भाव पुढचे दहा-बारा दिवस उतरेल असं वाटत नाही, तेव्हा रंगाऱ्याला आजच बोलवा, आणि फ्रोजनचा एखादा बॉक्स घ्यायचाच असला तर पॅकिंगची तारीख बघून घ्या, एकदा वितळलेला माल परत फ्रीजरला टाकू नका.